पानाच्या डावीकडचं मूत्रपिंड

ताईच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता मी आरशासमोर दाढी करत होतो. डाव्या गालावर ब्लेड लागलं. रक्ताचा टिपूस आला, आणि आरशातही तो माझ्या डावीकडेच दिसला. कापूस घ्यायला वळलो आणि वळता वळता थांबलो. आदल्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या फॉर्मवर 'बाजू' या शब्दापुढे मी 'डावी' असं लिहिलं होतं. ती कुणाची डावी, हे आता मला सांगता येईना.

शंका येणं मला नवीन नाही. कुलूप लागलं का ते बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत जातो. पेटीत पत्र टाकलं की ते खरंच आत पडलं का म्हणून फटीला डोळा लावतो. ताई म्हणते, "तुझ्या डोक्याला एकदा कडक इस्त्री करून घडी घालता आली असती ना, तर घर सुखी झालं असतं." पण एरवीच्या शंकांमध्ये फार तर चोर घरात शिरला असता. या शंकेत ताईचं निरोगी मूत्रपिंड जाणार होतं.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. जन्मभर तिने शिवणकाम केलं. भाऊजी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, त्याला अकरा वर्षं झाली. पण घरात पाऊल टाकणाऱ्याला मीच तिच्याकडे राहतो असं वाटतं आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मी लग्न केलं नाही. ज्या बाईंना विचारायचं होतं त्यांना कोणत्या शब्दांत विचारावं, याचा विचार करता करता त्यांची मुलं शाळेत जायला लागली.

ताईचं एक मूत्रपिंड खड्यांनी भरून पार निकामी झालं होतं. गंमत म्हणजे ते दुखलं कधीच नाही. ताप उतरेना म्हणून तपासण्या केल्या, त्यात ते सापडलं. सर्जनबाई म्हणाल्या, "हे काढून टाकू. त्यात आता काही काम होत नाही, नुसता पू साठतो. दुसरं अगदी ठणठणीत आहे. एका किडनीवर माणूस आरामात जगतो." मी मान डोलावली. ते मला माहीत होतं. मूत्रपिंडात रक्त कसं शिरतं, लाखो बारीक गाळण्यांतून कसं गाळलं जातं, उपयोगाचं पाणी परत कसं शोषलं जातं आणि उरलेलं मूत्र थेंबाथेंबाने खाली कसं उतरतं, हे सगळं मी इतक्या वेळा काढलं होतं की झोपेतसुद्धा काढलं असतं.

काढलं होतं म्हणजे कागदावर. शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढायचं काम मी पस्तीस वर्षं केलं. वालाच्या बीचे दोन भाग, पानाचा आडवा छेद, झुरळाचं तोंड, बेडकाचं हृदय, माणसाची पचनसंस्था. मी स्वतः जीवशास्त्र शाळेपुढे शिकलो नाही. जाड पुस्तकांतून बघायचं, पेन्सिलीने उतरवायचं, शाईने गिरवायचं. अजूनही पेशीविषयी कुणी काही विचारलं तर मला आधी रेषेची जाडी आठवते, मग पेशी.

आमच्या खोलीत चार टेबलं होती आणि चौघांची एक बोली होती. 'डावं' म्हणजे पानाचं डावं. "डावीकडचं नाव जरा खाली घे." "डावीकडच्या बाणाला टोक नाही." कागदावरचा माणूस नेहमी आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याचं उजवं अंग ते पानाचं डावं. यकृत माणसाच्या उजवीकडे असतं. आमच्या खोलीत ते 'डावीकडचं'. पस्तीस वर्षांत यामुळे कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही, कारण कागदाच्या माणसाला कुणी कापत नव्हतं.

सर्जनबाईंनी तपासणीच्या दिवशी ताईच्या पोटाची फिल्म दिव्याच्या फळीवर लावली होती. मी बघत राहिलो. करड्या धुक्यात मणक्याची माळ, यकृताची फिकट सावली आणि तिच्या खाली खड्यांचा पांढराशुभ्र पुंजका. इतकं सुंदर छायांकन मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. बाईंनी बाजू सांगितली असणारच. पण मी सावलीची कड कुठे विरते ते बघत होतो आणि त्यांचं बोलणं कानांवरून गेलं. डोक्यात एवढंच राहिलं: खराब ते डावीकडचं. दुसऱ्या दिवशी दाखल करताना काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला. ताईचा चष्मा पिशवीच्या तळाशी होता. "तूच भर," ती म्हणाली. मी भरला. माझं अक्षर चांगलं आहे. 'डावी' हा शब्द तर मी फारच सुबक लिहिला.

आरशासमोर उभा राहून मी ती फिल्म आठवायचा प्रयत्न केला. पुंजका यकृताच्या सावलीखाली होता. यकृताखालचं ते उजवं मूत्रपिंड. यकृताला जागा द्यावी लागते म्हणून ते बहुतेकांत दुसऱ्यापेक्षा जरासं खाली असतं. म्हणजे ताईचं उजवं खराब. झालं, सुटलं, असं वाटेपर्यंत पुढची शंका आली. यकृत, त्याची विरत जाणारी कड, खालचं मूत्रपिंड, हे मला फिल्मवर दिसलं होतं, की मीच काढलेली आकृती मला आठवत होती? ती मी सात आवृत्त्यांसाठी सात वेळा काढली होती. फिल्म बघितली होती एकदाच, चार मिनिटं. डोळे मिटले की दोन्ही एकमेकांवर बसत आणि कुठली रेषा कुणाची ते कळत नसे.

दवाखान्यात लोक फिल्म बघतीलच, असं मी स्वतःला सांगितलं आणि तिथेच ब्लेड खाली ठेवलं. कारण हे वाक्य मी पूर्वी एकदा स्वतःला सांगितलं होतं. एका आवृत्तीत माझी माणसाची आकृती उलटी छापली गेली होती. हृदय माणसाच्या उजवीकडे झुकलेलं, यकृत त्याच्या डावीकडे. नावं वेगळी चिकटवली होती, म्हणून ती मात्र सुलट. दुसऱ्या वर्षी ते माझ्या लक्षात आलं. साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेलो. एकदा ते जेवत होते आणि एकदा फोनवर होते. म्हटलं, शिक्षक बघतील, परीक्षक बघतील, कुणीतरी बघेलच. तीन वर्षं ते पुस्तक चाललं. कुणीही बघितलं नाही.

मी अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो.

दवाखाना घरापासून पंचवीस मिनिटांवर. वाटेत मी उजवा हात मुठीत धरून चाललो होतो, निदान तो तरी हरवू नये म्हणून. काउंटरवर कालचाच माणूस होता. माझ्यापुढे सात जण होते. रांग मोडणं मला जमत नाही. माझा नंबर आला तेव्हा त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघून सांगितलं, "आजोबा, ड्रेसिंगची खोली तिकडे आहे."

"नाही, ते दाढीचं आहे. मी काल एक फॉर्म भरला होता. मूत्रपिंडाचा."

"किडनी ना? मग काय झालं?"

"त्यात बाजू... म्हणजे मी लिहिली आहे ती बरोबरच आहे, पण ती कदाचित दुसरी आहे."

मागच्या बाईंनी सुस्कारा सोडला. "आजोबा," तो मऊ आवाजात म्हणाला, "फॉर्म वॉर्डात गेला. दुसरा मजला. तिथे सिस्टरना सांगा. आणि जरा पाणी प्या."

दुसऱ्या मजल्यावर ताई खिडकीजवळच्या कॉटवर हिरवा झगा घालून बसली होती. झग्याची शिवण ती निरखत होती.

"अर्ध्याच तोंडाने आलास होय?" ती म्हणाली. "उरलेलं घरी राहिलं वाटतं."

"ताई, कोणती गं?"

"काय कोणती?"

"बाजू. काढायची ती. बाई काय म्हणाल्या होत्या?"

"मला विचारतोस? फोटो तू बघत होतास. मी त्यांच्या कोटाची बाही बघत होते. खांद्यात पाव इंच चुकली आहे बिचारीची." मग माझ्याकडे नीट बघून तिचा आवाज उतरला. "का रे? काय झालं, पेन्सिल?"

पेन्सिल हे मला तिनेच लहानपणी ठेवलेलं नाव. बारीक होतो आणि कानावर नेहमी पेन्सिल असे. मी सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या मनगटावरची हिरवी फीत मला दिसली. माझ्या डावीकडच्या मनगटावर. म्हणजे तिच्या... मी मनातल्या मनात तिला वळवली, मग स्वतःला वळवलं, आणि दोघंही वळल्यामुळे सगळं पुन्हा होतं तिथेच आलं.

"ही फीत कसली?"

"बांधली काल रात्रीच्या मुलीने. दिसतेय ना कशी गाठ? ही गाठ मात्र माझी आहे. तिची गाठ बघवत नव्हती."

तेवढ्यात सकाळच्या सिस्टर ट्रे घेऊन आल्या. तरण्या, भरभर चालणाऱ्या. फितीकडे बघून त्या थबकल्या. "आजी, ही या हातावर कशी आली?"

"मीच बदलली. त्या हाताला सुई टोचायची म्हणाली ती. मग गाठ आड नसती का आली? सोडली आणि या हाताला नीट बांधून घेतली. दातांनी ओढावी लागली थोडी."

सिस्टरनी ट्रे खाली ठेवला. "आजी, ती शोभेची नाहीये. ज्या बाजूची किडनी काढायची त्या हाताला फीत बांधतात इथे."

"मग तसं सांगायचं. मला वाटलं हजेरी असेल."

सिस्टरनी पायथ्याची फाईल उचलली आणि पानं उलटली. "हे बघा. फॉर्मवर स्वच्छ लिहिलंय, डावी. किती छान अक्षर आहे." त्यांनी ताईच्या मनगटावरची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना, म्हणून कात्री काढली. फीत कापली, नवी घेतली आणि पलीकडचा हात उचलला.

मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल तर हे की, मघाशी ताईने चुकून बांधलेली फीतच बरोबर होती आणि आता माझ्या अक्षरामुळे ती चुकीच्या हातावर चालली आहे. मग वाटलं, की नाही, फॉर्मच बरोबर असेल आणि मी उगाच. सिस्टर फितीला पीळ देत होत्या.

"बांधू नका," मी म्हणालो.

"काय?"

"बांधू नका. ते अक्षर माझं आहे."

"चांगलं आहे म्हटलं ना, काका."

"चुकीचं आहे. म्हणजे असू शकेल. मी पानाची डावी लिहिली."

"कुठल्या पानाची?"

मी सांगायला लागलो. चार टेबलं, कागदावरचा माणूस, यकृत, बाण, सगळं उलट्या क्रमाने बाहेर पडलं. सिस्टर फीत बोटांत धरून ऐकत होत्या. ताई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तो असाच बोलतो. पण खोटं बोलत नाही."

"काका, घाबरू नका. फोटो मॅडमकडे आहे. त्या बघतीलच."

"बघतीलच म्हणू नका!"

हे मी ओरडलो असं ताई नंतर म्हणाली. मला आठवतं ते एवढंच की वॉर्डातल्या सहाही कॉटवरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्या अर्ध्या गालावर साबणाची पापडी ताणली जात होती. मी आवाज खाली आणला. "आत्ता बघू द्या. माझ्यासमोर. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण फॉर्मवरही ठेवू नका."

सिस्टरनी फीत खिशात टाकली आणि त्या गेल्या. पाच मिनिटांत सर्जनबाई आल्या, बगलेत मोठं पाकीट. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्यांनी फॉर्म वाचला, मला विचारलं, मी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा कमी यकृत घालून. त्यांनी फिल्म काढली, खिडकीच्या काचेवर धरली आणि कोपऱ्यातलं बाजू दाखवणारं बारीक अक्षर वाचलं.

"फिल्म सुलट आहे. आता सांगा काका, खडे कुठे दिसतात?"

मी बोट ठेवलं. "डावीकडे."

"माझ्याही डावीकडे. म्हणजे आजींच्या?"

उत्तर मला माहीत होतं. पाच मिनिटांपूर्वी मीच ते सिस्टरना सांगितलं होतं. पण बाई बघत होत्या, सिस्टर बघत होत्या, ताई कॉटवर माझ्याकडे तोंड करून बसली होती, आणि तिच्याकडे बघून मी जे म्हणेन ते पुन्हा माझ्याच बाजूचं निघेल असं मला वाटलं.

मी कॉटला वळसा घातला. मागे भिंत होती आणि जागा अरुंद होती. सलाईनच्या दांड्याला खांदा लागला. ताईच्या पाठीमागे मी तिच्यासारखंच खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. आता तिचं उजवं ते माझं उजवं होतं. मी मुठीत धरून आणलेला हात उघडला आणि तिच्या पाठीवर ठेवला, शेवटच्या बरगड्यांच्या जरा खाली. झग्याच्या कापडातून तिचा ताप हाताला लागला. मी ताईला असा हात कधी लावला होता ते मला आठवेना.

"हे," मी म्हणालो. "इथलं."

"गुदगुल्या होतात," ताई म्हणाली. पण ती हलली नाही.

बाईंनी फिल्मकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. "उजवी," त्या म्हणाल्या. "माझ्या कागदांतही उजवीच आहे. फॉर्मवरची डावी खोडा, उजवी लिहा आणि पुढे सही करा. फीत त्यांच्या डाव्या नव्हे, उजव्या हाताला. आणि सिस्टर, कालच्या ड्युटीला मी भेटणार आहे. फीत फॉर्म बघून नाही बांधायची, फिल्म बघून." मग माझ्याकडे वळल्या. "आत नेल्यावरसुद्धा मी मशीन लावून एकदा बघेन, मगच हात घालेन. चालेल?"

मी 'डावी' खोडली. 'उजवी' लिहिताना माझं अक्षर फार वाईट आलं.

"गाठ मी मारते," ताई सिस्टरना म्हणाली. या वेळी कुणी हरकत घेतली नाही.

तिला नेल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसलो. तुम्हाला वाटेल मी निर्धास्त झालो असेन. मला वाटलं होतं होईन. पण दहाव्या मिनिटाला मी पुन्हा सगळं तपासायला घेतलं. ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती ना? मीही? की मी भिंतीकडे? नाही, सलाईनचा दांडा खांद्याला लागला तो उजव्या. की डाव्या? खांद्यावर कुठे दुखतंय ते मी चाचपून बघितलं. दोन्ही दुखत होते. समोरच्या भिंतीवर हृदयाचा एक तक्ता होता. कुणी काढला होता कोण जाणे, रेषा जाड होत्या. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

पावणेदोन वाजता बाई बाहेर आल्या. "छान झालं. मशीनवरही तीच दिसली." मी आभार मानले. त्या निघून गेल्यावर माझ्या मनात आलं, की 'तीच' म्हणजे कोणती ते मी विचारायला हवं होतं. मागे जायला धीर झाला नाही.

ताईला वॉर्डात आणलं. ती झोपेत होती. पट्टी एका कुशीवर होती. मी पायथ्याशी उभा राहून बघितली, मग उशाशी जाऊन बघितली आणि दोन्हीकडून बघून काही कळेनासं झालं, म्हणून बघायचं सोडून दिलं. तेव्हा मला कॉटच्या कडेला लटकणारी पिशवी दिसली. ताईकडून एक पारदर्शक नळी त्या पिशवीत उतरत होती आणि पिशवीत पिवळसर पाणी होतं.

इथे डावं-उजवं नव्हतं. बाहेर काढलेलं मूत्रपिंड खराब असेल, तर आतलं काम करेल. रक्त गाळेल, आणि गाळलेलं या नळीतून येईल. आतलं खराब असेल तर येणार नाही. इतकं तर मला आकृतीशिवाय समजत होतं.

पण पिशवीत होतं ते आधीचं असू शकत होतं. ऑपरेशनआधीचं साठलेलं. मी स्टुलावर बसून पाण्याच्या पातळीकडे बघत होतो आणि ती वाढते आहे की माझे डोळे भरताहेत ते मला ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात सिस्टर आल्या, पिशवीच्या तळाची चावी फिरवली आणि सगळं एका भांड्यात काढून घेतलं.

"हे आता रिकामं?" मी विचारलं.

"हो, रिकामं. का?"

"काही नाही."

रिकामी पिशवी चपटी झाली. मी स्टूल पुढे ओढलं आणि नळीच्या टोकावर नजर लावली. एक मिनिट गेलं. दोन गेली. नळीत पाण्याची एक बारीक रेघ अडकली होती, ती जागची हलत नव्हती.

"काय टक लावून बघतोयस?" ताईचा आवाज घोगरा, लांबून आल्यासारखा.

"पिशवीत बघतोय."

"शी! लाज आहे का काही? सख्ख्या बहिणीचं..."

"थांब ना ताई. बोलू नकोस."

"तहान लागली आहे मला."

"थांब."

नळीतली रेघ हलली. तिच्या मागून दुसरी आली, दोन्ही जोडल्या, टोकापर्यंत आल्या आणि तिथे फुगल्या. मग थेंब पडला. पिवळा, कोमट असावा, कारण पिशवीच्या आतल्या अंगाला किंचित वाफ धरली. त्यामागून दुसरा. मग तिसरा.

"आलं!" मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण शेजारच्या कॉटवरच्या बाई दचकून उठून बसल्या.